आईचे गुडघे आणि गरम पाण्याची कुंडं : राजापूर, तुरळ की आणखी कुठे?

अबोली_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज कामासाठी धागा काढतेय.

आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेत. एक्सरे बघून हाडांच्या डॉक्टरांनी 'वाट्या बदला' असं स्पष्ट सांगितलंय, पण ती ऑपरेशनला तयार नाही. मधुमेह जुना आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू आहे. तिचं माहेर राजापूरजवळचं. तिने धोशा लावलाय की मला उन्हाळे गावातल्या गरम कुंडात नेऊन बसव, माझी आई म्हातारपणी तिथे जायची आणि घाटी चढून घरी यायची. शिवाय यंदा राजापूरची गंगा, म्हणजे तिथला अधूनमधून अचानक वाहू लागणारा झरा, आली तर ती पण करायची आहे.

भाऊ ठाण्याला असतो. त्याचं फोनवर एकच, "खुळ्यासारखं काहीतरी करू नका, पाय भाजून घ्याल." आई म्हणते, त्याला काय कळतंय. मी मधल्या मध्ये.

माझे प्रश्न साधे आहेत. राजापूरलाच जावं की तुरळ-राजवाडी-आरवली जवळ पडेल? बायकांना आंघोळीची आडोशाची सोय कुठे बरी आहे? पायऱ्या किती? आणि साखरवाल्या माणसाने गरम पाण्यात बसावं का? 'सगळं थोतांड आहे' हे उत्तर भावाने दिलेलं आहे, ते परत नको.

कातळसडा

राजापूर तालुक्यातलाच आहे म्हणून लिहितो. आधी एक घोळ काढून टाकू, कारण मुंबईकर पाहुणे दरवेळी इथेच फसतात. गंगा आणि गरम पाणी या दोन वेगळ्या जागा आहेत.

गरम पाणी खाली, उन्हाळे गावात, अर्जुना नदीच्या अंगाला. शेजारीच महालक्ष्मीचं देऊळ. हे पाणी बारमाही असतं. साधारण ४२ अंशांच्या आसपास, म्हणजे पहिल्यांदा पाय घातला की 'हा!' म्हणून मागे घ्याल, पण सोसतं.

गंगा वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तिथे १४ कुंडं आहेत, फरसबंदी आवारात. मूळ गंगा वडाच्या झाडाखाली आणि काशीकुंडाला गोमुख. बाकी कुंडांना नद्यांची, सूर्य-चंद्राची नावं : यमुना, सरस्वती, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी, भीमा, सूर्य, चंद्र, बाण, अग्नी वगैरे. गंगा नसते तेव्हा तिथे कोरडा खडखडाट असतो. नुसतं आवार बघून यायचं. आली की रातोरात सगळी कुंडं भरतात आणि राजापुरात रिक्षावाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांची धांदल उडते.

जुनी माणसं सांगायची की गंगा तीन वर्षांनी येते आणि तीनेक महिने राहते. आता ते वेळापत्रक राहिलेलं नाही. कधी वर्षाच्या आत पुन्हा येते, कधी मुक्काम लांबवते. त्यामुळे गंगेचा दिवस धरून बेत आखू नका. निघायच्या आदल्या दिवशी राजापुरात कोणालाही फोन केलात तरी कळेल.

रीत अशी की आधी खाली गरम पाण्यात आंघोळ, मग वर गंगास्नान, मग धोपेश्वरला जाऊन धूतपापेश्वराचं दर्शन. तुमच्या आईला ही रीत माहीत असणारच. पण तिन्ही एका दिवसात त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. खालचं कुंड आणि महालक्ष्मी, एवढंच धरा. रेल्वेने यायचा विचार असेल तर सोडून द्या, राजापूर रोड स्टेशन गावापासून फार लांब आहे. रत्नागिरीहून गाडीच बरी.

गजालवाडी

गंगा इली म्हटला की आमच्या वाडयेतली म्हातारी माणसा टेम्पो करून जातत. घराकडे 'पाय दुखतत, पाय दुखतत' करणारी आजी टेम्पोत पयली चढान बसता.

तर्कट

धागाकर्तीने दार बंद केलंय तरी खिडकीतून बोलतो. गुडघ्याची झिजलेली कूर्चा कोणत्याही पाण्याने परत येत नाही, मग ते गंगेचं असो, उन्हाळ्याचं असो की गिझरचं. आजी घाटी चढायची कारण आजी आयुष्यभर घाटीच चढत होती. कुंडात बसून बरं वाटतं ते गरम शेकाने. तेवढ्यासाठी १२० किलोमीटर जाऊन-येऊन खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि मग म्हणायचं कुंडाने गुण आला! घरी बादली आहे ना?

माहेरवाशीण

तर्कट, बादलीत माणूस मावतो का हो? :)

अबोली, मी लहानपणी आजीबरोबर उन्हाळ्याला जायचे. लाल डब्याने. आजीच्या पिशवीत नारळ, ओटीचं सामान, सुकं लुगडं आणि भाकरी-चटणीची पुरचुंडी. बायका कडेला ओळीने बसायच्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचून, आणि एकमेकींच्या पाठीवर तांब्याने पाणी ओतायच्या. कोण कुठल्या गावची, कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला, सगळा पंचक्रोशीचा निकाल तिथे लागायचा. अणस्कुऱ्याकडून कोल्हापूरच्या बायका पण यायच्या, त्यांची बोली ऐकून आम्ही पोरी हसायचो आणि मार खायचो. परत येताना आजी एसटीत बसल्या बसल्या गाढ झोपायची. घरी तिला अशी झोप कधी लागायची नाही.

कूर्चा वगैरे मला कळत नाही. पण वर्षभर चूल-गोठा करणारी बाई एक अख्खा दिवस पाण्यात पाय सोडून बसायची. आईला नुसतं पाणी नको असेल, तिला तिचं माहेर पण हवं असेल. घेऊन जा.

खडकवाचक

पेशाने भूगर्भशास्त्राशी संबंध आहे, म्हणून पाण्याविषयी लिहितो. गुडघ्यांविषयी जाणकार लिहितील.

कोकणातले गरम झरे एकटेदुकटे नाहीत. पालघरमधल्या कोकनेरपासून खाली राजापूरपर्यंत साधारण तीनशे किलोमीटरची जवळजवळ उत्तर-दक्षिण रांग आहे. अठरा एक ठिकाणी मिळून साठेक झरे. सातिवली, वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सावित्रीकाठचं सव, दापोलीतलं उन्हवरे, संगमेश्वरातले आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. तापमान ३५ च्या आतबाहेरपासून थेट ७० अंशांपर्यंत. उन्हवरे सगळ्यांत कडक, सत्तरीचं. तुरळ साठीच्या घरात, राजवाडी त्याहून थोडं कमी, आरवली आणि राजापूर चाळिशीतलं.

'खाली ज्वालामुखी आहे' असं प्रत्येक ठिकाणी कोणीतरी गाईड सांगतो. तसं काही नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच निवला. हे पाणी आपल्याच पावसाचं आहे. सह्याद्रीच्या उतारावर पडतं, खडकातल्या खोल भेगांनी आत उतरतं. जमिनीखाली सरासरी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरीला पोचायचं तर ते किमान दीड किलोमीटर खाली जाऊन आलेलं असणार. वर येताना थोडं निवतं, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून खोल. मग दुसऱ्या एखाद्या भेगेतून दाबाने वर येतं. किनाऱ्याला समांतर भेगांचा पट्टा आहे, म्हणून झरेही ओळीत. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने या पट्ट्यात विंधनं घेऊन अभ्यास केलेला आहे, वीज करता येईल का हे बघायला. आपल्याकडचं पाणी त्या मानाने कोमटच पडतं. मणिकर्णला भात शिजतो तसा इथे शिजायचा नाही.

गंधकाविषयी : सगळे 'गंधकाचं पाणी' म्हणतात. काही ठिकाणी कुजक्या अंड्यासारखा हलका वास येतो हे खरं, पण तो वास अगदी थोड्या हायड्रोजन सल्फाइडनेही येतो. या पट्ट्यातल्या बहुतेक झऱ्यांत मुख्य भरणा सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइडचा आहे, म्हणजे साध्या भाषेत मचूळ पाणी. गंधकाचा मलम लावल्याचा गुण त्यातून मिळेल ही अपेक्षा ठेवू नये.

वाफाळ

@खडकवाचक, उत्तम माहिती. वाचनखूण साठवली. मग गंगेचं काय? ती तर गरम नाही आणि भर वैशाखात, जेव्हा आमच्या विहिरी तळ गाठतात, तेव्हा सड्यावर येते. पावसाचं पाणी असेल तर पावसात यायला हवी ना?

खडकवाचक

@वाफाळ, हाच तर त्यातला खरा मजेचा भाग.

सर्वसाधारणपणे मानलं जाणारं स्पष्टीकरण वक्रनलिकेचं आहे. टाकीतून नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढतात, एकदा धार लागली की पातळी नळीच्या तोंडाखाली जाईपर्यंत थांबत नाही, तसंच. वर जांभा दगड आहे, सच्छिद्र. आत कुठेतरी पोकळी आणि तिच्यातून बाहेर पडणारी वाकडी वाट. पावसाचं पाणी झिरपत झिरपत, सावकाश ही पोकळी भरतं. पाणी वाटेच्या वाकापर्यंत चढेस्तोवर बाहेर थेंब दिसत नाही. वाक ओलांडला की धार सुरू, आणि मग पोकळी रिकामी होईपर्यंत चालू. म्हणून ती येते अचानक आणि जाते अचानक. भरायला लागणारा वेळ पावसाच्या महिन्यांशी जुळलाच पाहिजे असं नाही, वैशाखातही वाक ओलांडला जाऊ शकतो. झिरपणं बदललं, भेगा मोकळ्या झाल्या किंवा बुजल्या, तर वेळापत्रकही बदलणार. कातळसडा म्हणतात तसं ते बदललेलं आहेच.

शेजारशेजारच्या कुंडांत पाण्याचं तापमान वेगवेगळं लागतं, ते मात्र नुसत्या वक्रनलिकेने सुटत नाही. खालून येणारं थोडं गरम पाणी कुठे जास्त, कुठे कमी मिसळत असावं.

गुरवांचो

तुमची नळी असूं दे नि पोकळी असूं दे. गंगामाय येते तेव्हा पहिलं पाणी बघायला जो कातळावर उभा राहिलाय त्यालाच विचारा. मोरोपंतांसारख्या पंडिताने या गंगेवर रचना केली ती काय उगाच? शिवाजीमहाराज येऊन गेल्याचं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. सगळ्याला शास्त्राची फूटपट्टी लावायची तर देवळात जाऊं नये माणसाने.

तर्कट

@गुरवांचो, पोकळी भरून वाहते हे कळल्यावर पाणी कमी पवित्र होतं का? मला तर उलट गंगेचा आदर वाढला.

फिजिओ_घाटमाथा

अबोली, तुमच्या प्रश्नाकडे येते. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि गुडघ्यांचे पेशंट रोज बघते.

पाण्याचा फायदा आहे आणि तो खरा आहे. गरम पाण्याने गुडघ्याभोवतीचे आखडलेले स्नायू सैल होतात, दुखणं काही तास, कधी दोनेक दिवस कमी होतं. कंबरभर पाण्यात उभं राहिलं की गुडघ्यांवर शरीराचं साधारण निम्मंच वजन येतं, छातीभर पाण्यात एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून जमिनीवर न होणारी हालचाल पाण्यात होते. कुंडात नुसतं बसवून ठेवू नका, पाय हळूहळू सरळ करायला, वाकवायला लावा. तर्कट म्हणतात ते बरोबर, कूर्चा परत येत नाही. पण दुखणं कमी होणं ही किरकोळ गोष्ट आहे असं ज्याचं दुखत नाही तोच म्हणतो.

आता खरी काळजीची गोष्ट. तुमच्या भावाचं 'पाय भाजून घ्याल' हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा मंद होतात. पाणी ४२ आहे की ४८ हे पायाला कळतच नाही. माझ्याकडे एक आजोबा आले होते, गरम पाण्याच्या पिशवीने तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता आणि त्यांना मोज्याला ओल लागली तेव्हा कळलं. ती जखम भरायला किती महिने गेले ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

तर जाण्याआधी आईच्या पायांची संवेदना तपासून घ्या. डॉक्टरांकडे नायलॉनचा एक बारीक धागा असतो, तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवून 'कळतंय का' विचारतात, आणि घोट्याशी ट्यूनिंग फोर्क लावतात. पाच मिनिटांचं काम. संवेदना कमी निघाली तर पाय कुंडात सोडून बसायचं नाही. ते पाणी बादलीत काढून, निववून, कोमट करून गुडघ्यांवर तांब्याने घ्यायचं. गुडघ्यांना शेक मिळतो, तळवे वाचतात.

संवेदना चांगली असेल तरी :

पाण्याचा अंदाज आईच्या पायाने घेऊ नका, तुमच्या कोपराने घ्या. लहान बाळाच्या आंघोळीचा थर्मामीटर मिळतो, तो नेलात तर उत्तम. झरा जिथे पडतो तिथून लांबच्या टोकाला बसवा, तिथे पाणी दोन-तीन अंश निवलेलं असतं. दहा मिनिटं, फार तर पंधरा. तुरळसारख्या साठीच्या पाण्यात थेट उतरायचा विचारही नको, आणि उन्हवऱ्याच्या उगमाशी तर धडधाकट माणसाचीही कातडी सोलवटेल.

इन्सुलिन घेऊन लगेच गरम पाण्यात बसू नये. उष्णतेने इंजेक्शनच्या जागेवरून इन्सुलिन भराभर शोषलं जातं आणि साखर खाली येऊ शकते. नाश्ता करून, तासाभराने. पर्समध्ये ग्लुकोज किंवा लिमलेटच्या गोळ्या. पाण्यातून उठताना झटकन उभं करू नका, रक्तदाब उतरून घेरी येते. आधी कडेला बसवा, पाणी प्यायला द्या, मग उठवा. पायाला कुठे भेग, चीर, जखम असेल तर त्या दिवशी रद्दच करा.

वाफाळ

आणि डोकं बुडवू नये असं वाचलं होतं ते काय?

फिजिओ_घाटमाथा

हो, लिहायचं राहून गेलं. गोड्या कोमट-गरम पाण्यात एक अमीबा वाढतो, नेग्लेरिया फाउलेरी. ४६ अंशांपर्यंतही तो मजेत जगतो. पाणी नाकात गेलं तर मेंदूपर्यंत पोचू शकतो. अतिशय दुर्मीळ, पण झालं तर माणूस वाचणं कठीण. केरळात २०२४ मध्ये मुलं दगावली तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्यामुळे घाबरून जायचं थांबवू नका, फक्त डुबकी नाही, नाकात पाणी नाही. पोरंटोरं बरोबर असतील तर त्यांच्यावर जास्त लक्ष. डोक्यावरून आंघोळ करायचीच असेल तर घरून आणलेल्या पाण्याने.

गुरवांचो

डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्नान कसलं? तीर्थात तीन बुचकळ्या मारायच्या असतात.

माहेरवाशीण

@गुरवांचो, माझी आजी गुडघ्यापर्यंत पाण्यात बसून डोळ्याला पाणी लावायची आणि म्हणायची, देवीला कळतं. आमच्या भटजीकाकांनीही म्हाताऱ्या माणसाला प्रोक्षण चालतं असंच सांगितलंय.

गुरवांचो

प्रोक्षण चालतं, ते मी नाही म्हणत नाही. म्हाताऱ्या माणसाला सगळंच चालतं.

खाडीपलीकडे

मी पालीजवळच्या उन्हेऱ्याला आणि वज्रेश्वरीलाही जाऊन आलोय, तुलनेसाठी लिहितो. उन्हेरे बल्लाळेश्वरापासून अगदी जवळ, गणपतीचं दर्शन आणि कुंड एका फेरीत होतं. शनिवार-रविवारी मात्र सहलीच्या बसगाड्या येतात आणि कुंडाचं पोहण्याच्या तलावात रूपांतर होतं. शांपूच्या पुड्या, साबणाचे तुकडे, मुलांच्या उड्या.

वज्रेश्वरी-अकलोलीला तानसा नदीच्या कडेने कुंडंच कुंडं. कोणतं फार गरम, कोणतं सोसवेल असं. इतिहासाची आवड असेल तर चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस केला होता, १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर देऊळ बांधलं गेलं. देऊळ किल्ल्यासारखं दिसतं, आणि अबोलीताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे वर जायला ५२ दगडी पायऱ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांची देवी उंचावर का बसवतात हे मला न सुटलेलं कोडं आहे. रत्नागिरीहून तुम्ही एवढ्या लांब जाणारही नाही म्हणा.

आमसुलं

आरवलीची माहिती कोणी दिली नाही. महामार्गाला लागूनच, गडनदीजवळ. गाडी जवळ लागते, चालणं कमी. पाणी चाळिशीच्या घरातलं, म्हणजे उतरण्यासारखं. तुरळही महामार्गावरच, पण ते कडक, लोक बाजूला काढून निववून घेतात. राजवाडी तिथून थोडं आत आहे. तिथलं सोमेश्वराचं देऊळ आणि त्यातलं लाकडावरचं जुनं कोरीवकाम कुंडासाठी नाही तरी बघण्यासाठी जावं असं आहे. गाडीतून उतरून वर-खाली करावं लागतं, काठी हवी.

मी हल्लीच आरवलीला गेले होते तेव्हा एकाने आपल्या पाठीचा गजकर्ण कुंडात दगडाने घासायला घेतला. त्याच पाण्यात आमच्या दोन आत्या बसल्या होत्या! त्वचारोग बरा करायला येणाऱ्यांनी निदान बादलीने बाहेर घ्यावं हो.

तर्कट

@आमसुलं, आणि आत्यांनी काय केलं?

आमसुलं

मोठ्या आत्याने त्याला असं काही सुनावलं की तो अंगावर टॉवेल न घेता गाडीपर्यंत पळाला. गजकर्णासाठी डॉक्टरांचं मलम महिनाभर नेमाने लाव, हेही सुनावण्यात होतं.

फिजिओ_घाटमाथा

आत्यांना माझा नमस्कार सांगा. गजकर्ण बुरशीने होतो, दमट गरम अंगावर अजून पसरतो. परतल्यावर आईचं अंग, विशेषतः पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. मधुमेहात तिथूनच सगळं सुरू होतं.

अबोली_रत्नागिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

काल आईला आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तो नायलॉनचा धागा टेकवून बघितला. उजव्या पायाला सगळीकडे कळतंय, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली आणि टाचेला कळत नाही. आई म्हणाली, "अहो, माझं लक्ष नव्हतं, परत टेकवा." परत टेकवला, तरी नाही कळला. मग गप्प बसली. डॉक्टर म्हणाले, पाय पाण्यात सोडायचे नाहीत, गुडघ्यांवर कोमट करून घ्या, आणि घरात पण चप्पल घालत जा.

भावाला हे कळवलं तर तो म्हणाला, मग आता जायचंच कशाला? आई म्हणाली, महालक्ष्मीची ओटी भरायला. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी ठाण्याहून तोच गाडी घेऊन येतोय.

तर राजापूर ठरलंय. गंगा सध्या आलेली नाही असं मावसभावाने सांगितलं, त्यामुळे वर सड्यावर चढायचा प्रश्न मिटला. सोमवारी सकाळी लवकर निघू, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी टळेल. आई नाश्ता आणि इन्सुलिन घरीच घेईल, पोचेपर्यंत तासाच्या वर वेळ जातोच. बरोबर दोन बादल्या, तांब्या, थर्मामीटर, प्लॅस्टिकचं स्टूल, सुका टॉवेल, मोजे आणि लिमलेट. आणखी काही?

माहेरवाशीण

ओटीचं खण-नारळ घरून ने, तिथे ऐनवेळी धावपळ नको. आणि आईला मधल्या बायकांत बसव, कडेला एकटी नको.

खडकवाचक

बादलीत थर्मामीटर घालताना तळापर्यंत ढवळून मग बघा. बादलीतलं पाणी सगळीकडे सारखंच गरम असेल असं नाही.

कातळसडा

स्टूल नेऊ नका. कुंडाच्या कडेच्या दगडावर शेवाळ असतं, प्लॅस्टिकचे पाय सरकतात, गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकी तशाच पडल्या. रबरी पायपुसणं न्या, ते दगडावर अंथरून त्यावर बसवा. आईंना अनवाणी चालवू नका, देवळाच्या पायरीपर्यंत चप्पल राहू दे. चपलांचं गुरव काही म्हणाले तर डाव्या पायाचं सांगा, ते ऐकतात.

सोमवारी अमावास्या किंवा पौर्णिमा पडत नाही ना, ते कालनिर्णयात बघून घ्या. त्या दिवशी तिथेही रविवारसारखीच गर्दी असते.

गुरवांचो

गुरव काही म्हणायचे नाहीत. बिनधास्त चप्पल घालून आणा.